रॅचेट आणि क्लीट: एक वेढा, एक गाठ

शिडाच्या होडीवर नवीन आलेल्या मराठी माणसाचा पहिला घोटाळा ठरलेला असतो. शीड म्हणजे कापड आणि शीट म्हणजे दोरी. ‘शीट सोड!’ असं कोणी ओरडलं की तो बिचारा मान वर करून शिडाकडे बघत बसतो आणि तेवढ्यात होडी आडवी. हा घोटाळा आठवड्याभरात सुटतो. दुसरा मात्र वर्षानुवर्षं टिकतो, चांगल्या मुरलेल्यांमध्येही टिकतो. तो म्हणजे रॅचेट आणि क्लीट यांचा. दोन्ही मेनशीटवर असतात, बऱ्याच होड्यांवर एकाच बेसवर एकमेकांना चिकटून बसवलेले असतात आणि दोघांचंही काम विचारलं तर उत्तर एकच मिळतं: ‘दोरी धरून ठेवतं.’ मग हात भरून येतात अशी तक्रार घेऊन गेलेल्याच्या गळ्यात कधी हे पडतं, कधी ते.

मेनशीट म्हणजे मोठ्या शिडाखालची बूम, म्हणजे आडवा दांडा, आत-बाहेर करणारी दोरी. वारा शिडाला ढकलतो, शीड बूमला आणि बूम ती दोरी तुमच्या हातातून ओढू पाहते. दुपारभर.

आता गावाकडची गोष्ट आठवा. ओढाळ बैलाचं दावं नुसत्या हातात धरलं तर बैल माणसाला फरफटत नेईल. म्हणून जाणता माणूस दावं झाडाला एक वेढा मारून घेतो आणि टोक हातात ठेवतो. ओढ बरीचशी झाड खातं, पण सोडायचं की धरायचं हे अजून हातच ठरवतो. आणि गोठ्यात खुंटाला दावं बांधून टाकलं, की हात मोकळे. बैल आता खुंटाच्या हवाली. रॅचेट म्हणजे तो वेढा. क्लीट म्हणजे ती गाठ. एवढं नीट कळलं की पुढचं बरंच सोपं आहे.

रॅचेट ब्लॉक बाहेरून साधी कप्पीच दिसते. आतल्या चाकाला मात्र दातेरी कडं असतं आणि त्यात अडकणारी छोटी खिट्टी. दोरी आत ओढताना चाक मोकळं फिरतं आणि टिकटिक आवाज येतो. दोरी बाहेर जाऊ लागली की खिट्टी अडते आणि चाक जागेवर थांबतं. दोरी मात्र थांबत नाही. तिला आता न फिरणाऱ्या चाकावरून घासत जावं लागतं. चाकाची खाचही गोल नसून पैलूदार असते, म्हणजे दोरी तिथे चांगली चावली जाते. मूठ घट्ट असली की हे घर्षण पुरतं. मूठ सैल केली की दोरी सरकते. रॅचेट दोरी स्वतःहून कधीच धरत नाही, हातातल्या पकडीला फक्त मोठं करतं.

किती मोठं, हे दोरी चाकाला किती वळसा घालते यावर ठरतं आणि हा हिशेब बेरजेचा नाही, गुणाकाराचा आहे. समजा पाव वळशाला, म्हणजे 90 अंशांना, ओढ निम्मी होते. मग अर्ध्या वळशाला ती निम्म्याची निम्मी, म्हणजे पाव होईल. बूमकडून 12 किलोची ओढ येत असेल तर पहिल्या ठिकाणी हाताला 6 किलो, दुसऱ्या ठिकाणी 3. (निम्मी हा आकडा मी सोयीसाठी घेतलाय. दोरी कुठली, किती जुनी, ओली की सुकी, यावर तो बदलतो. गुणाकार बदलत नाही.) अनेकजण शंभर प्रश्न विचारून महागडं रॅचेट आणतात आणि अशा जागी लावतात, की दोरी त्याला जेमतेम स्पर्श करून हाताकडे वळते. मग म्हणतात, रॅचेटने काही फरक पडत नाही. कसा पडेल? बूमकडून सरळ खाली येऊन, तळाच्या चाकाला वळसा घालून दोरी पुन्हा वर तुमच्या हाताकडे गेली पाहिजे. बूमवरच्या ब्लॉकमधून थेट हातात घेतलीत तर रॅचेट नुसतं शोभेला.

दुसरी चूक याहून हास्यास्पद आणि ती मी स्वतः केली आहे: दोरी उलट्या बाजूने ओवणं. मग आत ओढताना चाक अडतं आणि सोडताना भुर्रकन फिरतं, म्हणजे जे हवं त्याच्या नेमकं उलट. पूर्ण एक सकाळ मी असा झगडलो आणि वाऱ्याला शिव्या घातल्या. तपासायला डोळे नकोत, कान पुरेत. आत ओढताना टिकटिक आली पाहिजे. सोडताना येत असेल तर किनाऱ्यावरच दोरी काढून परत ओवा. अजिबातच येत नसेल तर बाजूचं बटण बंद असेल. ते बटण मंद वाऱ्यासाठी असतं, कारण अशा वेळी शिडात जोरच नसतो आणि अडलेल्या चाकावरून दोरी आपणहून बाहेर जात नाही. बूम मधेच रेंगाळते. ताण आल्यावरच अडणारी, एरवी मोकळी फिरणारी रॅचेटही मिळतात. त्यातल्या काहींत किती ताणाला अडायचं हे एका स्क्रूने कमीजास्त करता येतं. ज्याला सारखं बटणाशी खेळायचा कंटाळा आहे त्याने ती घ्यावीत, जरा खर्च होईल.

आता क्लीट. आपल्या होड्यांवर मेनशीटला बहुधा कॅम क्लीट असतं: स्प्रिंग असलेले दोन कॅम, म्हणजे दातेरी फिरते जबडे, शेजारी-शेजारी. दोरी ओढून खाली दाबली की ती दोघांमध्ये शिरते. बाहेर जायला बघते तेव्हा दात आणखी आत रुततात. ओढ जितकी जास्त तितकी पकड घट्ट. म्हणजे क्लीटला हाताची गरज नाही, हेच त्याचं सुख आणि हीच त्याची खोड. सोडायचं असेल तर दोरी आधी किंचित आत ओढायची, दात सैल करायचे आणि मग वरच्या दिशेने उचलायची. दोन हालचाली, एका झटक्यात. नुसतं वर खेचून, जोर आला असताना, बऱ्याचदा सुटत नाही.

मुंबई बंदरात दुपारी समुद्रावरून येणारा वारा आधी शहर ओलांडतो, कारण बंदर शहराच्या पूर्वेला आहे. इमारतींमधून गाळून आल्यासारखा तो तुकड्या-तुकड्यांनी येतो: मिनिटभर काहीच नाही, मग एकदम झोत. अशाच एका मार्चच्या दुपारी मी एंटरप्राइज चालवत होतो. ही दोघांची होडी, जॅक होल्टने 1956 मध्ये आखलेली, लांबी चार मीटरच्या जरा वर. पाण्याची बाटली काढायला एक हात हवा होता म्हणून मेनशीट क्लीटमध्ये दाबली. झोत आला. मी टो स्ट्रॅपमध्ये, म्हणजे होडीच्या तळाशी असलेल्या पट्ट्यात, पाय अडकवून बाहेर झुकलो आणि दोरी सोडायला झटका दिला. सुटली नाही. पुन्हा दिला. माझा प्रत्येक झटका दोरीला क्लीटमध्ये आणखी खोल बसवत होता. मग पाणी आत आलं आणि आम्ही दोघं, बाटलीसकट, समुद्रात.

होडी सरळ करून परतल्यावर कारण दिसलं आणि ते माझ्या मनगटात नव्हतं, दोन स्क्रूंमध्ये होतं. फिरत्या बेसवर क्लीट एका छोट्या हातावर बसतं आणि त्या हाताचा कल बदलता येतो. माझ्या होडीवर तो बराच वर चढवलेला होता. क्लीट उंच असलं की दोरी आपसूक त्यात बसते आणि बंदरात बांधलेल्या होडीत बसून बघितलं तर हे फार सोयीचं वाटतं. पण बाहेर झुकलं की माझा हात खाली जातो. तिथून कितीही ओढलं तरी दोरी क्लीटच्या वर उचलली जात नाही, उलट दातांमध्ये दाबली जाते. कल खाली केला की हिशेब बदलतो: झुकलेल्या हाताकडे जाणारी दोरी क्लीटच्या वरूनच जाते, म्हणून मनगटाच्या एका उचक्याने सुटते, आणि अडकवायची असेल तेव्हा मुद्दाम हात खाली नेऊन दाबावी लागते. माझ्या मते हीच बाजू बरी. अडकवायला थोडे कष्ट पडले तर कोणी बुडत नाही.

हे जमवायला पाण्यात जायची गरज नाही. होडी ट्रॉलीवर असताना शिडाशिवाय बूम लावा, मित्राला बूम बाहेर ढकलायला सांगा आणि तुम्ही होडीच्या काठावर बसून खरोखरीचे बाहेर झुका. दहा वेळा अडकवा, दहा वेळा सोडा, दोन्ही बाजूंनी. दहातल्या एकदाही अडखळलं तर स्क्रू सैल करून कल एक खूण खाली. खूप खाली गेलं तर दोरी क्लीटमध्ये जातच नाही. मग एक खूण वर. मला तीन फेऱ्या लागल्या आणि अर्धा तास. बघणारे हसले, हसू द्या. काही बेसवर क्लीटच्या तोंडाशी दोरी सरळ राहावी म्हणून छोटी कडी असते. ती असेल तर दोरी तिच्यातून ओवायला विसरू नका, नाहीतर ती क्लीटच्या बाजूने घसरते आणि तुम्हाला वाटतं कॅम झिजले.

एक तिसरी गोष्ट या दोघांमध्ये नाहक घुसते, ती म्हणजे पदर. मेनशीट किती वेळा ब्लॉकमधून वर-खाली जाते त्यावर ओढायचा जोर कमी होतो. रॅचेट आत ओढायचा जोर कमी करत नाही, ते फक्त धरायचा जोर कमी करतं. क्लीटही ओढायचा जोर कमी करत नाही. बूम आत आणताना दम लागत असेल तर दोघांपैकी काहीही विकत घेऊन उपयोग नाही, एक पदर वाढवावा लागेल. पण चार पदरी केलीत की बूम एक मीटर आणायला चार मीटर दोरी ओढायची आणि सोडताना चार मीटर दोरी तेवढ्या ब्लॉकमधून सळसळत जायला हवी. मंद वाऱ्यात ती जात नाही. पायाखाली दोरीचा गुंता होतो तो वेगळा. माझ्या ओळखीतल्या अर्ध्या होड्यांना पदर जास्त आहेत आणि रॅचेट कमी.

मग आपल्याला काय हवं? एकट्याची ILCA, जिला जुने लोक अजून लेझरच म्हणतात, तिचं मोठं शीड 7.06 चौरस मीटरचं. तिच्यावर बरेच जण शीट हातातच खेळवतात आणि त्यांना चांगल्या वळशाचं रॅचेट पुरतं, कारण वारा क्षणोक्षणी बदलतो आणि दोरी सतत आत-बाहेर जात असते. दोघांच्या होडीवर, जिथे चालवणाऱ्याला अधूनमधून एक हात हवा असतो, तिथे क्लीट बरं. पण तिथेही आधी रॅचेट. क्लीट ही रॅचेटवर चढवलेली सोय आहे, त्याची जागा घेणारी वस्तू नाही. शिकाऊ मुलांच्या होडीवरचं मेनशीटचं क्लीट तर मी पहिले काही महिने काढूनच ठेवीन. ज्याला हाताने शीट सोडायची सवय लागली नाही, तो क्लीटमधून सोडायला शिकत नाही. तो क्लीटवर विसंबतो.

मोठ्या होड्यांवर हा वाद मिटतो, कारण तिथली ओढ हाताने धरण्यापलीकडची असते. गोव्याच्या दिवाडी बेटावर बांधलेली म्हादेई 56 फुटी. तिच्यातून नौदलातले दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करून आले. अशा होडीवर शीट विंचच्या, म्हणजे हँडलने फिरवायच्या यंत्राच्या, ढोलाला वेढे घालून ओढतात. गंमत अशी की विंच म्हणजे आपली हीच जोडी एका भांड्यात: आत ओढताना टिकटिक करणारं रॅचेट, त्यावर दोरीचे तीन-चार वेढे आणि टोक अडकवायला वर किंवा शेजारी काहीतरी. तिथेही वेढा आणि गाठ वेगवेगळेच ओळखावे लागतात.

देखभालीबद्दल थोडंच. दोन्ही वस्तूंना खाऱ्या पाण्याचा आणि वाळूचा तिटकारा आहे, म्हणून प्रत्येक फेरीनंतर गोडं पाणी मारा. रॅचेटच्या आत ग्रीस भरू नका, त्यात वाळू चिकटते आणि खिट्टी घट्ट होऊन बसते. कॅमचे दात गुळगुळीत झाले की क्लीट नुसतं धरल्याचं नाटक करतं. नख फिरवलं की कळतं. दोरीचा जो भाग रॅचेटवर रोज बसतो तो लवकर केसाळ होतो, तेव्हा हंगामाच्या मध्यावर ती काढून टोकं अदलाबदल करून ओवा. आणि ओवून झाल्यावर, शीड चढवायच्या आधी, एकदा आत ओढून टिकटिक ऐका.