हातातल्या वॉकीटॉकीचा पल्ला किती?

जुळे सोलापुरातल्या काही महाविद्यालयीन तरुणांनी टेबलाभोवती बसून, फासे टाकत खेळायचा एक विज्ञानकल्पनेचा खेळ स्वतःच रचला आहे. त्यात मंगळावर वसाहत आहे, चंद्रावर खाणी आहेत आणि प्रत्येक पात्राजवळ संदेशवहनाचा एक संच आहे. त्यांच्या नियमवहीतला तक्ता मला तपासायला मिळाला. त्यात हातातल्या संचाचा पल्ला ५०० किलोमीटर, पाठीवरच्या संचाचा ५,००० किलोमीटर आणि यानावरच्या संचाचा ‘अमर्याद’ असा दिला आहे. हे आकडे मोठे आहेत की लहान, असा प्रश्न मला विचारण्यात आला. परंतु माझा आक्षेप आकड्यांच्या आकाराविषयी नाही. रेडिओचा पल्ला एकट्या संचावर लिहून ठेवता येत नाही, कारण मध्ये काय आडवे येते, पलीकडे कोण ऐकते आहे आणि किती वेगाने बोलायचे आहे, यांवर तो ठरतो.

आडवी येणारी पहिली गोष्ट म्हणजे पायाखालची जमीन. वॉकीटॉकीच्या वारंवारतेच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. डोळ्यांची उंची १.७ मीटर धरली, तर सपाट माळरानावर क्षितिज जेमतेम ४.७ किलोमीटरवर येते. म्हणून तशाच उंचीवर संच धरलेल्या दोन माणसांमध्ये साधारण ९ किलोमीटरचे अंतर चालेल. सोलापुरातून तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर आहे. तेथवर हातातून हातात थेट बोलायचे असेल, तर ५ वॅटऐवजी ५० वॅटचा संच घेऊनही फारसा उपयोग होणार नाही. उंच जागी पुनःप्रक्षेपक, म्हणजे आलेला संदेश पुन्हा पुढे पाठवणारा संच, बसवावा लागेल. चंद्र पृथ्वीपेक्षा लहान असल्याने तेथे हीच मर्यादा सुमारे ५ किलोमीटरवर येते आणि मंगळावर सुमारे ७ किलोमीटरवर. उलट, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून डोक्यावर येते, तेव्हा हौशी रेडिओचालक ५ वॅटच्या हातसंचावरूनही त्याच्याशी संपर्क साधतात. संच तोच, बॅटरीही तीच. आडवे ९ किलोमीटर, उभे ४००.

आता जमीन बाजूला ठेवून मोकळ्या अवकाशात जाऊ, कारण खरी गंमत तेथे सुरू होते. संचातून निघालेली ऊर्जा सर्व दिशांना सारखी पसरते असे मानले, तर ती सतत वाढणाऱ्या एका गोलाच्या पृष्ठभागावर वाटली जाते, आणि अंतर दुप्पट झाले की प्रत्येक चौरस मीटरच्या वाट्याला चौथा हिस्सा उरतो. ५ वॅटचा संच ३,८४,४०० किलोमीटर दूर चंद्रावर ठेवला, तर पृथ्वीवर प्रत्येक चौरस मीटरला १ वॅटच्या एक अब्जाव्या भागाचा पुन्हा एक अब्जावा भाग घेऊन त्याच्याही सुमारे तिपटीइतकीच शक्ती येते. हा आकडा वाचून संपर्क अशक्य वाटतो. तसा तो नाही, कारण संदेश किती क्षीण आहे याला एकट्याने काही अर्थ नसतो. तो गोंगाटापेक्षा किती क्षीण आहे, हे पाहावे लागते. निरपेक्ष शून्याहून अधिक तापमान असलेली प्रत्येक वस्तू रेडिओ गोंगाट करते, आणि त्या गोंगाटाची शक्ती तापमान व वापरलेली बँडविड्थ (म्हणजे संदेशाने व्यापलेल्या वारंवारतांच्या पट्ट्याची रुंदी) यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते.

सोलापुरात कोणी ४५० मेगाहर्ट्झचा तसाच हातसंच घेऊन ऐकू लागला, तर त्याच्या छोट्या ॲंटेनाचे परिणामकारक क्षेत्रफळ, म्हणजे ती जेवढ्या जागेवरची ऊर्जा गोळा करते ते, केवळ ०.०३५ चौरस मीटर भरते; १२.५ किलोहर्ट्झच्या नेहमीच्या चॅनेलमध्ये चंद्रावरचा संदेश त्याच्या गोंगाटाहून सुमारे ५०० पट क्षीण असेल. इस्रोची बेंगळुरूजवळ ब्यालालू येथे ३२ मीटर व्यासाची डिश आहे. तेवढीच डिश या वारंवारतेसाठी सज्ज केली, तिची कार्यक्षमता ६० टक्के आणि गोंगाटाचे तापमान १०० केल्व्हिन धरले, तर तोच संदेश गोंगाटाच्या सुमारे ७५ पट वर येतो. म्हणजे चंद्रावरून वॉकीटॉकीवर बोललेले पृथ्वीवर स्वच्छ ऐकता येईल. बोलणाऱ्याने काही न बदलता, केवळ ऐकणाऱ्याने कान मोठा केल्यामुळे.

मंगळ २२ कोटी किलोमीटरवर असताना तोच संदेश आणखी सव्वातीन लाख पट क्षीण होतो आणि बोलणे गोंगाटात बुडते. तरीही एक मार्ग उरतो, तो म्हणजे सावकाश बोलणे. गड्ड्याच्या यात्रेतल्या कोलाहलात लांबच्या माणसाचे वाक्य कळत नाही, पण त्याने एकच अक्षर लांबवून उच्चारले तर ते ओळखता येते. तसेच प्रत्येक बिटला, म्हणजे संदेशातल्या प्रत्येक ० किंवा १ ला, अधिक वेळ दिला, की तेवढा वेळ संदेश साठत जातो आणि गोंगाट मात्र बराचसा आपसांत कटतो. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये या देवघेवीची अंतिम मर्यादा गणिताने सांगितली. त्या हिशोबाने मंगळावरच्या हातसंचातून ३२ मीटरच्या डिशला सेकंदाला एखादा बिट व्यवहारात पाठवता येईल. प्रत्येक चिन्हाला ८ बिट धरले, तर ‘सोलापूर’ हा शब्द पोहोचवायला जवळपास एक मिनिट लागेल. ही केवळ कागदावरची करामत नव्हे: १९७७ मध्ये निघालेले व्हॉयेजर १ सुमारे २३ वॅटचा प्रक्षेपक आणि ३.७ मीटरची डिश यांच्या बळावर २,४०० कोटी किलोमीटरहून अधिक अंतरावरून सेकंदाला १६० बिट पाठवत आले आहे, आणि ते ऐकायला ७० मीटरच्या डिश लागतात.

नियमवहीत एक ‘क्वांटम संच’ही आहे, जो क्षणार्धात कोठेही बोलतो. खेळात तो असू द्यावा. मात्र हल्ली ‘क्वांटम’ हा शब्द लावून आरोग्याच्या पट्ट्यांपासून मोबाइलवर चिकटवायच्या चकत्यांपर्यंत काहीही विकले जाते, म्हणून सांगणे भाग आहे. एकमेकांशी क्वांटम दृष्ट्या गुंतलेल्या (एंटँगल्ड) कणांच्या मोजमापांत नाते असते हे खरे, परंतु प्रत्येक टोकाला मिळणारे उत्तर यादृच्छिक असते आणि ते नाते दिसण्यासाठी दोन्ही नोंदी साध्या मार्गाने, म्हणजे प्रकाशाच्या वेगाहून जलद नव्हे अशा मार्गाने, एकत्र आणाव्याच लागतात. त्यातून निरोप धाडता येत नाही.

खेळ अधिक खरा करायचा असेल, तर हातसंचाला जवळचा मदतनीस द्यावा. चांद्रयान ३ मधली प्रज्ञान ही बग्गी पृथ्वीशी बोलत नव्हती. ती विक्रम या चंद्रावर उतरलेल्या यानाशी बोलत असे आणि पुढचे काम विक्रम करत असे. अपोलोच्या चांद्रवीरांच्या पाठीवरचे संचही आधी त्यांना चंद्रावर उतरवणाऱ्या यानाशी किंवा त्यांच्या बग्गीशी जोडलेले असत आणि तेथून आवाज पृथ्वीकडे जाई. तेव्हा मदतनीस यान क्षितिजावर आले की नाही, हे फाशांवर सोडायला हरकत नाही. विलंब मात्र फाशांवर सोडू नये. मंगळ आणि पृथ्वी यांच्या स्थितीनुसार संदेशाला एका दिशेने साधारण ३ ते २२ मिनिटे लागतात. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान कक्षेत शिरले, तेव्हा त्याच्या आज्ञा आधीच भरून ठेवाव्या लागल्या होत्या, त्या याच कारणाने. खेळाडूने निरोप चिठ्ठीवर लिहून पंचाकडे द्यावा, आणि एक डाव म्हणजे एक मिनिट धरला, तर अंतराप्रमाणे ३ ते २२ डाव ती चिठ्ठी पंचाने उघडू नये. उत्तराच्या चिठ्ठीलाही तितकेच डाव थांबावे लागेल.