चावी आपल्याकडे, म्हणून व्यवहार गुप्त?

“खासगी चावी माझ्याच फोनमध्ये आहे, म्हणजे माझे बिटकॉइन कुणाला दिसत नाहीत,” असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत आलं आहे. यातला पहिला भाग खरा असू शकतो: चावीशिवाय, म्हणजे खर्चाला मंजुरी देणाऱ्या त्या गुप्त संख्येशिवाय, पैसे हलत नाहीत. पण शिल्लक दाखवण्यासाठी वॉलेटला, म्हणजे बिटकॉइन सांभाळणाऱ्या अ‍ॅपला, कुणाला तरी विचारावं लागतं. बहुतेक वॉलेट दुसऱ्याच्या सर्व्हरला विचारतात. तिथे तुमचे बिटकॉइन पत्ते (खातेक्रमांकासारखे कोड) आणि आयपी (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) एकत्र दिसतात, म्हणजे हे सगळे पत्ते एकाच माणसाचे, हा अंदाज सहज बांधता येतो. शिवाय तो सर्व्हर सांगेल तेच बऱ्याच अंशी खरं मानावं लागतं.

स्वतःचा नोड, म्हणजे ब्लॉकचेन ही सगळ्या व्यवहारांची नोंदवही आपल्याच मशीनवर उतरवून घेणारं सॉफ्टवेअर, प्रत्येक ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) स्वतः तपासतो आणि वॉलेट त्याला जोडलं की प्रश्न घरातच राहतो. जागेची धास्ती नको. बिटकॉइन कोअर हे नोडचं सॉफ्टवेअर प्रूनिंग (छाटणी) मोडमध्ये जुने ब्लॉक पुसत जातं. पहिली पडताळणी मात्र वेळखाऊ असते, तेवढा धीर धराच.

खात्री करायची? वॉलेटच्या सर्व्हर सेटिंगमध्ये सर्व्हरचा पत्ता पाहा. १२७.०.०.१ म्हणजे तुमचंच मशीन. मग नोड बंद करा. तरीही वॉलेट ‘कनेक्टेड’ म्हणत असेल, तर ते बहुधा दुसऱ्याशी बोलतंय.

ब्लॉकचेन मात्र सार्वजनिकच राहते. नोड ती लपवत नाही.