ईसीएम बदलण्याआधी

मुंबईत मोठा पाऊस होऊन गेला की गॅरेजमध्ये गाड्या दोन टप्प्यांत येतात. पहिल्या टप्प्यातल्या गाड्या पाण्यातच बंद पडलेल्या असतात. इंजिनने एअर फिल्टरमधून पाणी ओढलेलं असतं, निदान सरळ असतं. दुसरा टप्पा काही दिवसांनी येतो. गाडी दादरजवळच्या हिंदमाता चौकात साचलेल्या पाण्यातून नीट बाहेर पडलेली असते, नंतर रोज ऑफिसलाही जाऊन येते, आणि एका सकाळी सेल्फ मारला तर इंजिन नुसतंच फिरतं, चालू होत नाही. स्कॅनर लावला तर एबीएसचं मॉड्यूल उत्तर देतं, एअरबॅगचं देतं, इंजिनचं गप्प. कोड येतो यू ०१००, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाशी, इंजिन कंट्रोल मॉड्यूल ऊर्फ ईसीएमशी, संपर्क तुटलाय. मग ऐकायला मिळतं, "साहेब, ईसीएम उडालंय. दुसरं टाकावं लागेल."

इथे होकार देण्याआधी थोडं थांबा, हे मला कळकळीने सांगायचंय. गप्प बसलेलं मॉड्यूल मेलेलंच असेल असं नाही. पुष्कळदा ते नुसतं उपाशी असतं, त्याला पुरेशी वीज पोचत नसते.

ही पेटी करते काय, ते आधी पाहू. क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, एक दातेरी चाक असतं. बऱ्याच गाड्यांत त्यावर साठ दातांची जागा असते आणि त्यातले दोन मुद्दाम गाळलेले असतात. समोरचा सेन्सर दात मोजत राहतो, आणि रिकामी जागा आली की क्रँक नेमका कुठे आहे ते ईसीएमला कळतं. ३००० आरपीएमला एक फेरा २० मिलिसेकंदांत होतो, म्हणजे एक दात मिलिसेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात पुढे सरकतो. चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात या वेगाला सेकंदाला १०० ठिणग्या पडाव्या लागतात. शिवाय दर वेळी आत आलेल्या हवेचा अंदाज घेऊन, वजनाने साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल जाईल इतकाच वेळ पेट्रोल फवारणारा इंजेक्टर उघडायचा. फवारणी आणि ठिणगी दोन्ही एकाच डिजिटल पेटीकडे सोपवणारी बॉशची मोट्रॉनिक यंत्रणा १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय या गाडीत आली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि साध्या स्कूटरलाही असा मेंदू मिळाला.

या सगळ्या हुशारीला लागतो बॅटरीचा प्लस आणि चांगलं अर्थिंग, म्हणजे बॉडीमार्गे बॅटरीच्या मायनसशी पक्की जोड. प्लस बहुधा फ्यूज आणि मेन रिलेमधून येतो. फ्यूज सगळेच बघतात. अर्थिंग मात्र बघितल्यासारखं करून सोडून देतात, आणि खरी गोम तिथेच असते. वायरमन मीटर कंटिन्युइटीवर (वायर अखंड आहे का ते बघायच्या सेटिंगवर) ठेवतो, मीटर 'टूं' करतो, अर्थिंग ठीक आहे असं ठरतं. पण वायरीच्या आतली एकच तार शाबूत असली तरी मीटर 'टूं'च करणार, कारण त्याचा प्रवाह नगण्य असतो. खरी परीक्षा भार असताना होते. मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, काळी प्रोब बॅटरीच्या मायनसला, लाल प्रोब ईसीएमच्या अर्थ पिनला मागच्या बाजूने लावायची आणि सेल्फ मारायला सांगायचं. निरोगी गाडीत आकडा ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत राहतो. गंजलेल्या जोडात ०.२ ओहमचा अडथळा असला आणि त्यातून १० अँपिअर वाहिले, की ओहमच्या नियमाने तिथेच २ व्होल्ट खाल्ले जातात. आधीच सेल्फच्या ओढीने बॅटरी खाली आलेली असते, त्यातून आणखी २ गेले की मॉड्यूल बंद होतं. वॉशर काढून, बॉडीवरचा गंज घासून, बोल्ट पुन्हा आवळल्यावर 'उडालेलं' ईसीएम बोलायला लागतं, ते यामुळे.

आता पाण्याकडे येऊ. शुद्ध पावसाचं पाणी वीज फारशी वाहून नेत नाही. पण भरतीच्या वेळी समुद्राच्या पाण्यामुळे नाल्यांची मुखं अडतात आणि रस्त्यावर साचतं ते क्षार, सांडपाणी आणि तेलाचं मिश्रण असतं. हे पाणी कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये, शिरलं की इलेक्ट्रोलिसिस सुरू होतं. कायम १२ व्होल्ट असलेल्या पिनचा धातू आयन होऊन पाण्यात उतरतो, पिन बारीक होत जाते, भोवती हिरवी बुरशीसारखी पूड जमते. ते आयन मायनसकडे सरकतात आणि तिथे झाडाच्या फांद्यांसारखे सूक्ष्म धातूचे तंतू वाढवतात. तंतू दुसऱ्या पिनला टेकला की शॉर्ट. चावी काढून ठेवली तरी हे थांबत नाही, कारण बॅटरी जोडलेलीच असते. पाण्याला कपलरपर्यंत पोचायलाही वेळ लागतो: वायरीच्या इन्सुलेशनखाली तारांच्या फटींतून ते केशाकर्षणाने हळूहळू वर चढतं. गाडी काही दिवस चालून मग बंद पडते, त्याचं उत्तर हे. म्हणून गाडीच्या आत पाणी आलं असेल तर त्याच दिवशी बॅटरीची मायनस केबल काढणं, हा माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा उपाय आहे.

आणखी एक फसवा प्रकार. बरेच सेन्सर ईसीएमकडून ५ व्होल्टचा संदर्भ पुरवठा घेतात आणि त्यातले कित्येक एकाच लाइनवर असतात. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला, किंवा उंदराने कुरतडलेली वायर बॉडीला टेकली, की ती अख्खी लाइन शून्यावर येते. काही गाड्यांत तर मॉड्यूल स्कॅनरशीही बोलत नाही. अशा वेळी ५ व्होल्टच्या वायरीवर मीटर लावून एकेक सेन्सरचा कपलर काढत जायचं. ज्याचा कपलर काढताच ५ व्होल्ट परत येतात, तोच दोषी.

संपर्काची लाइनही तपासता येते. बॅटरी काढून, स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिनांमधला अडथळा मोजला तर साधारण ६० ओहम यायला हवा, कारण मॉड्यूल ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात त्या कॅन बसच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर असतात. १२० आला तर एक टोक तुटलंय. बऱ्याच गाड्यांत त्यातला एक रेझिस्टर ईसीएमच्याच आत असतो.

एवढं सगळं तपासून मॉड्यूलच दोषी निघालं, तर ते खरोखर गेलंय. तसं होतंच. जम्प स्टार्टला केबल उलटी लागते, बॅटरी न काढता बॉडीवर वेल्डिंग होतं, वर्षानुवर्षं तापून-गार होऊन सोल्डर तडकतं. पण ठिणगी पाडणारी इग्निशन कॉइल शॉर्ट असल्यामुळे मॉड्यूलच्या आतला, ती चालवणारा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर जळला असेल, तर कॉइल न बदलता लावलेलं नवीन मॉड्यूलही त्याच वाटेने जातं. कारण सापडेपर्यंत नवीन पेटीचं खोकं उघडूच नये.

आणि बदलणं म्हणजे कपलर काढून लावणं नव्हे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुनं मॉड्यूल कमी किमतीत मिळेल, पार्ट नंबरही जुळेल, तरी गाडी चालू होईलच असं नाही. चावीच्या डोक्यात बॅटरी नसलेली एक चिप असते. इग्निशन लॉकभोवतीची कॉइल तिला चुंबकीय क्षेत्रातून ऊर्जा देते आणि ती आपली ओळख सांगते. ही ओळख ईसीएमच्या स्मृतीत नोंदवलेल्या गुपिताशी जुळली तरच फवारणी सुरू राहते. दुसऱ्या गाडीच्या ईसीएममध्ये दुसऱ्याच चावीची नोंद. इंजिन क्षणभर चालू होऊन बंद पडतं, किंवा चालूच होत नाही. डिझेल गाडी असेल तर आणखी एक काम असतं. कॉमन रेल इंजिनात प्रत्येक इंजेक्टरच्या माथ्यावर त्याचा सूक्ष्म फरक सांगणारा कोड छापलेला असतो, तो सिलिंडरच्या क्रमाने नव्या मॉड्यूलमध्ये भरावा लागतो. तो चुकला तर इंजिन खडखडतं, धूर वाढतो.

नव्या मॉड्यूलमध्ये सॉफ्टवेअर भरताना बॅटरीला स्थिर पुरवठा देणारं सपोर्ट युनिट लावलेलं आहे ना, हे स्वतः बघा. लिहिणं अर्धवट असताना व्होल्टेज पडलं तर नवीन मॉड्यूल जागच्या जागी निकामी होऊ शकतं. त्यानंतर थ्रॉटलची, म्हणजे हवेच्या झडपेची, शून्यस्थिती मॉड्यूलला शिकवायची असते. इंधन किती कमी-जास्त करायचं याचे शिकलेले आकडेही कोरे असतात, त्यामुळे पहिले काही दिवस आयडलिंग थोडं वरखाली होतं. ते आपोआप बसतं.

जुनी पेटी मात्र गॅरेजमध्ये सोडू नका, परत मागून घ्या. तिचा पॉवर ट्रान्झिस्टर जळला असला तरी स्मृतीची चिप बहुधा शाबूत असते. तीतून चावीची आणि इंजेक्टरची नोंद वाचून नव्या मॉड्यूलमध्ये भरणारे कारागीर शहरात आहेत, आणि नवीन पेटी पुन्हा बिघडली तर हाती असलेली मूळ नोंद तीच.