छागोसचा वाद: मॉरिशसची पार्श्वभूमी

छागोस हा हिंदी महासागरातला द्वीपसमूह; ब्रिटनने तो मॉरिशसपासून तोडला, आणि तो कुणाचा, हा वाद. आधी मॉरिशसची गोष्ट. तिथे मूळ रहिवासी असे कधी नव्हतेच. अरब आणि पोर्तुगीज खलाशी येऊन गेले, पण वस्ती केली ती डचांनी, १६३८ मध्ये. आबनुसाची जंगलं तोडून, जावाहून ऊस आणून १७१० मध्ये त्यांनी बेट सोडलं. १७१५ पासून फ्रेंच आले. आफ्रिका-मादागास्करचे गुलाम राबवून त्यांनी मळे उभे केले. तेच गुलाम छागोसच्या नारळबागांतही नेले. १८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकलं. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, भरपाई मात्र मळेवाल्यांना मिळाली. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावरचे मजूर यायला लागलेच होते. एकूण साडेचार लाखांच्या आसपास; त्यांत कोकणातली मराठी कुटुंबंही होती.

आजचा वाद १९६५ चा. स्वातंत्र्य तोंडावर असताना लंडनमधल्या वाटाघाटींत छागोस वेगळं काढायचं ठरलं, मोबदला ३० लाख पौंड. मॉरिशसच्या पुढाऱ्यांनी होकार दिला, हे लंडनचं पालुपद. पण स्वातंत्र्य ज्याच्या हातात, त्यानेच मागितलेल्या होकाराला किती किंमत द्यायची? अमेरिकेला छागोसमधल्या दिएगो गार्सिया बेटावर लष्करी तळ हवा होता. त्या बदल्यात ब्रिटनला पाणबुडीवरच्या क्षेपणास्त्रांच्या खरेदीत १ कोटी ४० लाख डॉलरची सूट मिळाली. ही गोष्ट तेव्हा दडवली गेली.

तळासाठी बेटं रिकामी हवी होती. मग पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्यांना कागदोपत्री ‘कंत्राटी मजूर’ ठरवलं गेलं. हाच निकष लावला तर मॉरिशसवर तरी मूळचं कोण? १९६८ ते १९७३ या काळात दीड-दोन हजार माणसांना हलवलं. दिएगो गार्सियावर त्यांची कुत्री खोबरं वाळवायच्या शेडमध्ये कोंडून विषारी धुराने मारली. बोटींनी माणसं मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर सोडली; बहुतेकांच्या वाट्याला पोर्ट लुईच्या झोपडपट्ट्या आल्या.

मॉरिशस १९६८ मध्ये स्वतंत्र आणि १९९२ मध्ये प्रजासत्ताक झालं. छागोस वेगळं काढणं बेकायदा होतं, असं मत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये दिलं, पण ते बंधनकारक नव्हतं. मे २०२५ मध्ये ब्रिटनने सार्वभौमत्व मॉरिशसला द्यायच्या करारावर सही केली, तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर ठेवून. त्यावरही बऱ्याच छागोसवासीयांची तक्रार आहे की वाटाघाटींत त्यांना कुणी विचारलंच नाही.