स्वल्पविराम आधी श्वासाचा होता, मग वाक्याचा झाला

‘वाचताना जिथे थांबता, तिथे स्वल्पविराम द्या’ हा सल्ला इंग्रजी लिहिणाऱ्यांना आजही मिळतो. दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने चिकटवण्याची चूक, म्हणजे ‘कॉमा स्प्लाइस’, बऱ्याचदा इथूनच सुरू होते. एकेकाळी मात्र हा सल्ला अगदी बरोबर होता.

अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातल्या ॲरिस्टोफेनिस ऑफ बायझँटियम या विद्वानाने इसवी सनापूर्वी ग्रीक मजकुरात तीन वेगवेगळ्या उंचीवर टिंबं दिली. तेव्हा शब्दांमध्ये जागा न सोडता सलग लिहीत आणि मोठ्याने वाचत. किती थांबायचं ते टिंब सांगे. ‘कॉमा’ आणि ‘कोलन’ ही नावं तर मुळात मजकुराच्या तुकड्यांची, चिन्हांना ती नंतर मिळाली.

विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला, तेव्हाही इंग्रजी पानावर स्वल्पविरामाचं काम तिरकी रेघ करत होती. अर्धविराम आला तो १४९०च्या दशकात, व्हेनिसमधल्या आल्डस मनुशियसच्या छापखान्यातून. पुढे रॉबर्ट लाउथ (१७६२) आणि लिंडली मरे (१७९५) यांच्या व्याकरणांनी थांब्याचं माप ठरवलं: स्वल्पविरामाच्या दुप्पट अर्धविराम, त्याच्या दुप्पट अपूर्णविराम (कोलन), त्याच्याही दुप्पट पूर्णविराम. म्हणजे १, २, ४, ८. हे माप कानाचं आहे.

लोक मनात वाचू लागले तशी चिन्हं वाक्याची बांधणी दाखवू लागली. अमेरिकी प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांच्या इंग्रजी लेखनावरच्या १९१८च्या पुस्तिकेत तर स्वतंत्र वाक्यं स्वल्पविरामाने जोडू नयेत, असा वेगळा नियमच आहे.

‘द रेन स्टॉप्ड, वी वेन्ट आउट.’ इथे दोन्हीकडे स्वतःचा कर्ता आणि क्रियापद आहे, त्यामुळे एकटा स्वल्पविराम पुरत नाही. तोही काढला तर ‘फ्यूज्ड सेंटेन्स’ होतो. मध्ये पूर्णविराम किंवा अर्धविराम द्या, नाहीतर स्वल्पविरामापुढे ‘सो’ घाला. ‘व्हेन द रेन स्टॉप्ड, वी वेन्ट आउट’ हे मला सर्वांत चांगलं वाटतं, कारण पहिलं वाक्य गौण होतं आणि दोन घटनांचं नातंही कळतं. लांबीचा इथे संबंध नाही: ‘इट रेन्ड वी लेफ्ट’ हे चार शब्दही ‘रन-ऑन’च, म्हणजे नीट न जोडता एकत्र आलेली दोन वाक्यं.

सगळ्यात जास्त फसवतो तो ‘हाउएव्हर’. अर्थ ‘बट’सारखा, पण जात क्रियाविशेषणाची. शब्द जागेवरून हलवून पाहा. ‘वी, हाउएव्हर, स्टेड होम’ चालतं. ‘वी, बट, स्टेड होम’ चालत नाही. जो हलतो, तो दोन वाक्यं जोडू शकत नाही. त्याच्या आधी अर्धविराम किंवा पूर्णविराम हवाच. ‘देअरफोर’ आणि ‘देन’ यांचंही तेच.

‘आय केम, आय सॉ, आय कॉन्कर्ड’ मात्र सगळे चालवून घेतात. तुकडे अगदी छोटे आणि एकाच घडणीचे असले, की जुना कानाचा हिशेब अजूनही मान्य होतो.