बाइक फिटिंगचे पैसे भरण्याआधी

रविवारी सकाळी खडकवासला, फार तर सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणारे बरेच जण दुकानात विचारतात, "आम्ही काही रेसमध्ये उतरत नाही, आम्हाला फिटिंग हवंच का?" फिटिंग म्हणजे सायकलची सीट, हँडल वगैरे आपल्या अंगाच्या मापाने बसवून घेणं. ते सगळ्यांना नको. तास-दीड तास सायकल चालवून काहीच दुखत नसेल, तर ते पैसे चांगल्या टायरवर घाला.

दुखत असेल तर मात्र अंगावर काढू नका. मिनिटाला 85 फेरे धरले तरी तासाभरात प्रत्येक गुडघा पाच हजारांवर वेळा वाकतो. गुडघ्याच्या वाटीपाशी दुखत असेल, तर बहुतेक वेळा सीट खाली असते. गुडघ्यामागची शीर ओढली जात असेल किंवा पॅडल मारताना कंबर डावी-उजवीकडे हलत असेल, तर सीट वर आहे. सूज असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

सीटची उंची घरीच बघता येते. नेहमीचे बूट घालून, भिंतीला धरून सायकलवर बसा. पॅडल अगदी खाली नेऊन त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा, पण टाच टेकवायला कंबर कलायला नको. मग चवडा ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा बाक येतो. आकडा हवा असेल तर अनवाणी उभं राहून जांघेपासून जमिनीपर्यंत मोजा आणि 0.883 ने गुणा. 80 सेंमी आले, तर पॅडलचे दांडे (क्रँक) ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या बाजूपर्यंत साधारण 70.6 सेंमी. तीनदा टूर द फ्रान्स जिंकलेल्या ग्रेग लेमाँडमुळे हे गणित सगळीकडे पोचलं. मात्र बुटाचा तळ आणि पावलाची लांबी त्यात धरलेली नाही, त्यामुळे सुरुवातीपुरतंच वापरा. जुन्या उंचीवर चिकटपट्टी लावून ठेवा, एका वेळी तीन-चार मिलिमीटरच बदला. सीटपोस्टवरची, म्हणजे सीटखालच्या नळीवरची, कमाल उंचीची रेघ बाहेर दिसता कामा नये.

एवढं करूनही त्रास राहिला, तर या. एक ताई आल्या होत्या, तासाभरात करंगळी आणि शेजारचं बोट बधीर व्हायचं. जाड ग्लोव्ह्जचे दोन जोड घेऊन झाले होते. ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर, बसवल्यावर दिसलं, की कोपरं ताठ आणि सगळा भार तळहातांवर. सीटचं टोक खाली झुकलेलं, त्यामुळे त्या सारख्या पुढे घसरत होत्या. सीट समतल केली, 100 मिमीच्या जागी 80 मिमीचा स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) लावला. पुढच्या रविवारी बोपदेव घाट करून आल्या तेव्हा बोटं ठीक होती. फ्रेम एक साइज मोठीच आहे, ते आम्हाला बदलता येत नाही, आणि हे त्यांना स्पष्ट सांगितलं.

200 किमीची बीआरएम (वेळेच्या मर्यादेतली लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तासांत पूर्ण करायची तयारी चालू असेल किंवा बूट पॅडलमध्ये अडकवणाऱ्या नवीन क्लीट लावल्या असतील, तर मात्र न दुखताही येऊन जा. इतका वेळ एकाच बैठकीत काढताना लहानसा वाकडेपणाही जाणवतो. फिटिंगला दोन-अडीच तास लागतात. राइडची शॉर्ट्स आणि बूट आणा, सायकल पुसून आणा. मोठ्या राइडच्या आदल्या दिवशी नको, अंगाला नवी बैठक सवयीची व्हायला दोन-तीन आठवडे द्या. त्यानंतरची एक तपासणी फीमध्येच आहे.

नवीन सायकल घ्यायची असेल, तर घेण्याआधी माप द्यायला या, मग ती कुठूनही घ्या. मापाचे पैसे आम्ही घेत नाही.