कळांमधली एक गोळी

सोलापुरात विडी घरकुलाकडे दुपारी गेलात, तर दारादारांत मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायका दिसतील. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. तोंडानं तेलुगू-मराठी गप्पा चालूच. माल कारखान्यात पोचला की तपासणारा वाकड्या, पोकळ विड्या बाजूला काढतो. ही ‘छाट’. तिच्यावरून होणारी भांडणं हा वेगळा विषय आहे.

एचआयव्हीच्या कारखान्यात छाट काढणारा कुणी नाही.

या विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे १० हजार अक्षरांचा. पेशीत शिरल्यावर त्याचं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर (एन्झाइम) तो मजकूर आरएनएतून डीएनएत उतरवतं. आपल्या पेशी डीएनएची नक्कल करताना चुकलेलं अक्षर काढून दुरुस्त करतात, या विकराला ते जमत नाही. तीन-चार प्रतींमागे एखादी चूक राहून जाते. उपचार नसलेल्या माणसाच्या शरीरात दिवसाला अब्जावधी नवे विषाणू तयार होतात. त्यामुळे एका अक्षराची कुठलीही चूक घ्या, ती रोज कुठे ना कुठे होऊन गेलेली असते. बहुतेक चुका विषाणूलाच नडतात.

आता नेव्हिरॅपिन, म्हणजे आईची लागण बाळाला होऊ नये म्हणून दिलेलं एचआयव्हीविरोधी औषध. युगांडातल्या कंपाला इथल्या अभ्यासाचे निकाल १९९९ साली आले. कळा सुरू झाल्यावर आईला २०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि जन्मल्यावर ७२ तासांच्या आत बाळाला थोडं औषध. झिडोव्ह्युडिन या दुसऱ्या औषधाच्या थोड्या दिवसांच्या उपचाराशी तुलना केली, तर बाळांमधली लागण जवळपास निम्मी झाली. काहीच केलं नाही, तर बाधित आयांच्या शंभर बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना लागण होते, हे लक्षात घ्या. भारतातल्या सरकारी कार्यक्रमानंही हीच गोळी घेतली. तालुक्याच्या गावाहून सिव्हिलला पोचेपर्यंत कळा सुरू झालेल्या बाईला तेव्हा दुसरं काय देता येणार होतं? मी तरी या गोळीला नावं ठेवणार नाही.

पण ती आईच्या अंगातून लवकर जात नाही. रक्तात दोन-तीन आठवडे रेंगाळते, रोज थोडी कमी होत. या उतरत्या मात्रेला संशोधक औषधाचं ‘शेपूट’ म्हणतात. नेव्हिरॅपिन विकरावरच्या एका खोबणीत जाऊन बसतं. विकराच्या साखळीतलं १०३वं अमिनो आम्ल बदललं की ती खोबण सहज उघडत नाही, आणि हा बदल व्हायला एकच अक्षर चुकावं लागतं! साधे विषाणू औषधानं दबलेले, जोडीला दुसरं औषध नाही. एरवी कोपऱ्यात पडून राहिला असता तो छाट माल आता एकटाच बाजारात. औषधानं विषाणूला काही शिकवलेलं नसतं. जो आधीच होता, त्याला वाट मोकळी करून दिलेली असते.

शेपूट संपलं की साधे विषाणू परत वरचढ होतात, पण बदललेले काही विषाणू निजलेल्या पेशींमध्ये दडून राहतात. बोत्सवानातला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. ती एक गोळी घेतल्यावर सहा महिन्यांच्या आत नेव्हिरॅपिन असलेला उपचार सुरू झालेल्या आयांपैकी सुमारे ४२ टक्के जणींमध्ये तो निष्फळ ठरला. सहा महिन्यांनंतर सुरू केलेल्यांमध्ये हे प्रमाण १२ टक्के होतं. शिवाय १०३व्या जागेवरच्या त्याच चुकीनं एफाव्हिरेन्झ हे त्याच खोबणीत बसणारं औषधही बोथट होतं. गरीब देशांतल्या स्वस्त उपचाराचा डोलारा याच दोन औषधांवर उभा होता. बाळाला वाचवताना आईच्या पुढच्या औषधाचा विचार मागे पडला, एवढं मात्र म्हणावंच लागतं.

उपाय साधा निघाला. बाळंतपणानंतर आठवडाभर झिडोव्ह्युडिन आणि लॅमिव्ह्युडिन ही आणखी दोन औषधं द्यायची, म्हणजे शेपटाच्या काळात विषाणूला एकाच वेळी अनेक औषधांना चुकवावं लागतं. तीन वेगळ्या चुका एकाच प्रतीत जुळून येणं फार दुर्मीळ. भारतात २०१४ पासून प्रत्येक एचआयव्हीबाधित गर्भवतीला आयुष्यभराचा तीन औषधांचा उपचार देण्याचं धोरण आहे. आता त्यात डोल्युटेग्राव्हिर असतं, आणि त्याला चुकवणं विषाणूला बरंच अवघड जातं.

जुन्या गोळीची आठवण मात्र पुसलेली नाही. एआरटी सेंटरमध्ये, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, नव्यानं आलेल्या बाईला, ‘आधीच्या बाळंतपणात कळा येताना एखादी गोळी दिली होती का?’ असं विचारलं, तर ती चौकशी या १०३व्या जागेसाठी असते.